दोन मजल्यांची शिडी

मी शिडी बोलतेय. भिंतीला लावून वर चढतात ती नव्हे, ती बिचारी लाकडाची असते. मी गोल, चकचकीत, मधे भोक असलेली. माझं खरं नाव डीव्हीडी, पण केदारखेड्यात सीडी काय नि डीव्हीडी काय, सगळ्यांना शिडीच म्हणतात. "शिडी लाव", "शिडी अडकली", "शिडी पुसून घे". पूर्वी मला या नावाचा फार राग यायचा. एवढं सुधारलेलं यंत्राचं लेकरू मी, आणि नाव काय तर शिडी! आता राग येत नाही. गावानं चुकून का होईना, माझ्या दुखण्यावरच बोट ठेवलं होतं.

सध्या मी एका देवघरात राहते. भिंतीतला कोनाडाच तो. शेजारी खंडोबा आहे, तुळजाभवानी आहे, आणि चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक आहेत. माझ्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं आहेत. शिडीचं देवघरात काय काम, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसले आहे. मधेच अडकले तर सांभाळून घ्या, आमच्यात ती खोडच आहे.

माझा जन्म कुठल्या देशातल्या कुठल्या कारखान्यात झाला, मला माहीत नाही. पन्नास बहिणी एका दांडीवर रचून आम्हाला जालन्यापर्यंत आणलं, एवढं आठवतं. आमच्या घराण्याला एकच हव्यास होता, पोट मोठं करायचं. थोरली साधी सीडी. तिच्यात तासाभराचा सिनेमा जेमतेम मावायचा, म्हणून एका पिक्चरला दोन-दोन, तीन-तीन शिड्या लागायच्या आणि हिरो पहिल्या शिडीत मार खाऊन दुसरीत उठायचा. मधली डीव्हीडी, तिच्यात अख्खा पिक्चर बसायचा. आणि मग मी. माझ्यात मधलीच्या जवळजवळ दुप्पट मावतं, कारण मी दोन मजल्यांची आहे.

हे दोन मजले नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. माझ्या खालच्या मजल्यावरचं लिहिणं मधल्या भोकापासून सुरू होतं आणि गोल फिरत फिरत कडेपर्यंत येतं. कडेला आलं की वाचणाऱ्यानं वरच्या मजल्यावर चढायचं आणि तिथून परत भोकाकडे यायचं. कडेवरचा तो चढ म्हणजे माझा जिना. ज्या प्लेयरला तो चढता येतो, त्याला मी पूर्ण कळते. ज्याला येत नाही, तो जिन्याच्या पायथ्याशी येऊन मुका होतो.

आमचं पोट वाढवणारे हुशार होते, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण आम्हाला वाचणारा प्लेयर आमच्या आधीच घराघरांत टीव्हीखाली जाऊन बसला होता. त्याला जिना चढायचं कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याबद्दल त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी भोकरदनच्या बबलू शूटिंगवाल्यानं मला विकत आणलं. केदारखेड्याच्या सर्जेरावांच्या मुलीचं, भावनाचं, लग्न मे महिन्यात होतं. बबलू नेहमी एका लग्नाच्या तीन शिड्या करून द्यायचा. सर्जेराव तसे दिवसाला दहा शब्द बोलणारे गृहस्थ, पण या बाबतीत ते त्याच्या दुकानात खुर्ची ओढून बसले.

"तीन नको. आमच्या चुलत्याच्या पोराचं लगीन तीन शिड्यांत व्हतं. मधली मंठ्याचे पाव्हणे पाहायला घेऊन गेल्ते, ती आजून येऊन राह्यली. आता घरात हळद हाय, वरात हाय, अन् लगीनच न्हाई."

बबलू हसला. "मंग मामा, दोन मजल्याची टाकतो ना. जालन्याहून मागवतो. समदं लगीन एकातच."

"घरच्या मशिनीवर बराबर चालंल ना पण?"

"बिलकुल चालंल मामा. जबान हाय आपली."

जबान दिली, पण मला त्यानं तपासलं कुठं? आपल्याच दुकानातल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर. तिथं मी झरझर जिना चढले आणि शेवटपर्यंत चालले. सर्जेरावांच्या घरातला प्लेयर चार वर्षांचा होता. त्याच्यावर मला एकदा लावून बघण्याचं बबलूच्या डोक्यात आलं नाही, आणि मला तोंड असून नसल्यासारखं. कव्हरमधे घालताना मात्र त्यानं भावनाच्या भावाला, प्रेमला, एक गोष्ट नीट सांगितली. "पुसायची तर मधून कडेकडं पुसायची. गोल न्हाई घासायची. गोल घासली की मेली."

आता त्या लग्नातली एक गोष्ट. तेव्हा मी तिथं नव्हते, पण ती माझ्या पोटात आहे, म्हणून मला शब्दन् शब्द पाठ आहे.

भावना तेव्हा बारावीत होती. भोकरदनला एसटीनं कॉलेजला जायची, अभ्यासात चांगली होती, परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. दिवाळीत सोयरीक जमली आणि घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं की कुंकू लागलेल्या पोरीनं आता एसटीनं हिंडायचं नाही. सर्जेरावांनी मान डोलावली. कॉलेज सुटलं, परीक्षा हुकली. पुस्तकं एक दिवस घरातून दिसेनाशी झाली. ती रद्दीत गेली असं आईनं, चांगुणाबाईंनी, सांगितलं, कारण त्यांनाही तसंच वाटलं होतं. भावनानं आदळआपट केली नाही. तिनं फक्त बापाशी बोलणं सोडलं. "जेवा", "पाणी घ्या", "आई बोलावून राह्यली", इतकंच उरलं. लग्नाच्या दिवशीही इतकंच.

पंगती उठल्या. नवरीची जीप निघायच्या तयारीत होती, बायका भावनाला गळ्याशी धरून रडत होत्या. सर्जेराव तिथं नव्हते. ते गोठ्याच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. बबलू कॅमेरा घेऊन तिकडं गेला.

"मामा, पोरीला दोन शब्द बोला की."

"ते चालू हाय का?"

"चालू हाय."

"ती बघंल का पण?"

"बघंल की मामा. तिच्यासाठीच तर हाय शिडी."

सर्जेरावांनी फेटा काढून टाकीवर ठेवला. कॅमेऱ्याकडं कुठं बघायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग ते बोलले.

"भावे, तुझी शाळा मी बंद केली." हे बोलतानाच त्यांनी हात जोडले आणि शेवटपर्यंत तसेच ठेवले. "चुकलं माझं. तू आत रडून राह्यली व्हती अन् मी बाहीर पाव्हण्यान्ला हो म्हणून बसल्तो. पुस्तकं रद्दीत न्हाई गेली बाई. तुझ्या मायलाबी सांगितलं न्हाई मी. पोत्यात बांधून माळ्यावर ठिवलीत, बियाण्याच्या कोठीमागं. पंचमीला येशील तवा मला एकदा म्हण, दादा, पुस्तकं काढा. तेवढं म्हण. म्या शिडी लावून काढून देतो. जावयबापूसंगं मी बोलतो. तू परीक्षा दे." मग बबलूला, "बस. बंद कर आता."

आयुष्यात एवढं सलग ते कधी बोलले नव्हते. बबलूनं हे सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि अगदी शेवटी टाकलं. म्हणजे वरच्या मजल्यावर, पार टोकाला, माझ्या भोकाजवळ.

पंचमीला भावना पहिल्यांदा माहेरी आली. दुपारी सगळे टीव्हीपुढं बसले. चांगुणाबाई, प्रेम, शेजारच्या पुष्पाबाई, चार पोरीबाळी. मला प्लेयरमधे घातलं. हळद झाली, अक्षता पडल्या, आहेर झाला. सर्जेराव उंबऱ्यात बसून बघत होते. पंगतीचं दृश्य आलं तसे ते उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. पुढं काय येणार ते त्यांना माहीत होतं, आणि लेकीच्या समोर बसून स्वतःचे जोडलेले हात बघायची त्यांना लाज वाटली.

पंगतीत भावनाचे अण्णासाहेब मामा बुंदीचा मोठा घास तोंडाशी नेत होते. नेमका तिथं माझा खालचा मजला संपला. प्लेयरनं जिना चाचपला. दोनदा घरघरला, तिसऱ्यांदा घरघरला आणि थांबला. टीव्हीवर मामा, उघडं तोंड, आणि हवेत राहिलेला घास.

घरात हशा पिकला. पुष्पाबाई तर डोळे पुसायला लागल्या. "बया, मामाचा घास काही तोंडात जाईना!" भावनाही हसली, कितीतरी महिन्यांनी. प्रेमनं मला दोनदा काढून, शर्टाला पुसून परत घातलं. दोन्ही वेळा मामांचा घास तिथंच अडकला.

"संपली वाटतं," प्रेम म्हणाला.

"बरंच झालं," चांगुणाबाई म्हणाल्या. "वाटं लावतानाची रडारड घेतली न्हाई त्यानं. शहाणं हाय पोरगं."

मला बाहेर काढून टीव्हीवर ठेवलं तेव्हा सर्जेराव दारात आले होते. आतलं हसणं त्यांनी अंगणातून ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

"संपली का?" त्यांनी विचारलं.

"संपली," प्रेम म्हणाला.

त्यांनी भावनाकडं बघितलं. ती शेंगा निवडत होती. "चहा ठेवू का?" एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून त्या घरात एक म्हण पडली. कुठलंही काम अर्धवट राहिलं की म्हणायचं, मामाचा घास अडकला. सगळे हसायचे. सर्जेरावही ओठ हलवायचे. पण मला त्यांचं दुखणं ठाऊक होतं. लेकीनं ऐकलं, हसली, आणि पुस्तकं काही मागितली नाहीत, असंच ते धरून बसले. दर पंचमीला, दर दिवाळीला ती यायची आणि ते वाट बघायचे. ती "जेवा" म्हणायची, "पाणी घ्या" म्हणायची. तिच्या लेखी बाप एकदाही चुकलो म्हणाला नव्हता. त्यांच्या लेखी लेकीनं ऐकूनही माफ केलं नव्हतं. दोघांच्या मधे मी टीव्हीवर पडलेली होते, पोटात सगळं घेऊन.

सर्जेरावांचाही मला राग येतो, खोटं कशाला बोलू. अहो, पोरगी दोन हातांवर बसलेली असताना तोंडानं का नाही विचारलं? पण त्यांच्या पिढीतले बाप असेच. गाईच्या पाठीवर हात फिरवतील, लेकीपुढं नजर उचलणार नाहीत.

सहा वर्षं गेली. सर्जेरावांच्या छातीत कळ आली, दवाखाना झाला, आणि डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. टीव्हीच्या खोलीतच त्यांची खाट टाकली होती. एके दुपारी चांगुणाबाई पाय दाबत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "भावीनं ती लग्नाची शिडी पुरी पायली व्हती का गं?"

"पायली की," चांगुणाबाई म्हणाल्या. "माझ्यासंगं बसून पायली. पुरी पायली. कामून?"

"काही न्हाई," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

मी तीन हातांवर होते. मला ओरडता आलं असतं तर! पुरी नाही हो, अर्धी पाहिली, तुमचा मजला उघडलाच नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. भावना सासरहून, अंबडहून, पोहोचली तोवर त्यांच्या तोंडावर पांढरं कापड पडलं होतं. ती रडली, पण मोकळी रडली नाही. तिचं रडणं कुठं अडकलं होतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

वर्षश्राद्धाला सोनाराकडून सर्जेरावांचा टाक करून आणला. सोनारानं या घरातल्या चार पिढ्यांना एकच मिशी आणि एकच पागोटं दिलेलं आहे, त्यामुळं कोण आजा नि कोण पणजा कळत नाही. चांगुणाबाईंनी तो टाक उलटसुलट करून बघितला. तोवर प्लेयर बिघडून भंगारात गेला होता, मला लावायला घरात काही उरलं नव्हतं. त्यांनी मला टीव्हीवरून उचललं, पदरानं पुसलं आणि टाकाशेजारी देवघरात उभं केलं.

"टाकात ते वळखू येईनात," त्या पुष्पाबाईंना म्हणाल्या. "ह्याच्यात हायेत ते. चालते, बोलते."

बोलते! त्यांना वाटलं आहेर घेतानाचं "या, बसा" एवढंच. तरी त्या खरंच बोलल्या होत्या.

अशी मी देव झाले. सुपारी मिळाली, फूल मिळालं. आणि नवरात्राआधी घट बसायच्या आदल्या दिवशी इतर देवांबरोबर मलाही परातीत घेतलं. आपल्याकडं देव कसे घासतात, तुम्हाला माहीत आहे. चिंच भिजवायची, राख घ्यायची, आणि अंगठ्यानं चोळत राहायचं, देव लख्ख होईपर्यंत. चांगुणाबाईंनी डाव्या हाताचं बोट माझ्या भोकात घातलं, उरलेली बोटं भोकाभोवती घट्ट धरली, आणि उजव्या अंगठ्यानं मला घासलं. गोल. गोल. गोल. ओठांत काहीतरी पुटपुटत, जितकी माया होती तितका जोर लावून.

सात नवरात्रं त्यांनी मला असं घासलं. दर वेळी माझ्या अंगावर बारीक बारीक चरे उठत गेले. मला दुखायचं, आणि त्यांना थांबवावं असंही वाटायचं नाही. आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणा शिडीची एवढी सेवा झाली नसेल.

यंदा श्रावणात, काही सण नसताना, भावना अचानक आली. आता ती बत्तीस वर्षांची आहे. अंबडला कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात काम करते. दुकानाच्या मालकीण सत्यशीलाताई. त्यांनीच तिला मागं लागून पंचविसाव्या वर्षी बाहेरून बारावीला बसवलं होतं. ती आली ती चपला काढायच्या आधीच विचारती झाली, "आई, माझ्या लग्नाची शिडी कुठंय?"

"कामून गं? बैस तर आधी."

"बबलू भेटला व्हता. शूटिंगवाला. आता ठिबकच्या नळ्या इकतो. कोर्टात कागदाला आल्ता, आमच्या दुकानात टाइप करायला बसला. मला म्हणतो, ताई, मामाचं बोलणं ऐकून लई रडल्या असताल तुमी. मी म्हणलं, कोणतं बोलणं?"

चांगुणाबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"दादा बोलले व्हते, आई. मला. वाटं लावायच्या टायमाला. बबलूला शब्द आठवत न्हाईत, शाळेचं कायतरी म्हणले एवढंच आठवतं. त्याच्याकडं आता काही उरलं न्हाई, समदं पुसलं. ती शिडी दोन मजल्याची व्हती म्हणतो. आपल्या मशिनीला वरचा मजला दिसलाच न्हाई. मामाचा घास अडकला तिथून पुढं सारं व्हतं."

 मग चांगुणाबाई हळू म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिवशी मला इचारलं त्यानी. भावीनं पुरी पायली का म्हणून. मी म्हणले, पुरी पायली."

भावना खाली बसली. तिच्या आता लक्षात आलं की बाप सहा वर्षं कशाची तरी वाट बघत होता. तिनं तोंडावर पदर घेतला.

चांगुणाबाईंनी देवघरातून मला काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. "घे. जिवापाड जपलिया. दर नवरात्राला चिंच लावून घासलिया मी."

भावनानं मला हातात घेऊन उजेडाकडं तिरपं धरलं. ती रोज कोर्टाच्या शिड्या हाताळते, तिला एका नजरेत कळलं. गोल चऱ्यांनी माझं अंग आंधळं झालं होतं, तिचा चेहराही माझ्यात दिसत नव्हता. मला वाटलं, आता ही आईवर ओरडणार.

"लई लख्ख ठिवलीस आई," ती म्हणाली आणि मला पदरात गुंडाळलं.

अंबडला दुकान बंद व्हायच्या वेळी तिनं मला काढलं. कोर्टात पुराव्याच्या शिड्या द्याव्या लागतात, म्हणून सत्यशीलाताईंच्या कॉम्प्युटरला अजून माझ्यासारखीला वाचणारा खण आहे. आणि तो जिना चढणारा आहे. चौदा वर्षांनी मला तसा कुणी भेटला, आणि तेव्हा मी अशी.

तिनं मला मऊ फडक्यानं मधून कडेकडं पुसलं. सत्यशीलाताईंनी कुठलंसं मेण लावून बघितलं. मी जीव खाऊन फिरले. सुरुवातीची नावं तेवढी येऊन गेली, मग हळद दिसली नाही, अक्षता दिसल्या नाहीत, सगळे नुसते चौकोन आणि खरखर. मामांचा घाससुद्धा गेला. खणातून घरघर येत होती, थांबत होती, परत येत होती. "राहू दे गं, मशीन बिघडेल," सत्यशीलाताई म्हणाल्या. भावना म्हणाली, "ताई, अजून एकदा."

तिनं पार शेवटचा भाग लावला. भोकाजवळचा. आणि तिथं चांगुणाबाईंची बोटं कामाला आली. घासताना त्यांनी मला जिथं घट्ट धरलं होतं, त्या बोटांखालचा भाग घासला गेला नव्हता. सगळा नाही, थोडा.

पडद्यावर पाण्याची टाकी आली. टाकीवर फेटा. आणि सर्जेराव. कॅमेऱ्याकडं कुठं बघायचं ते न कळून, जरा बाजूला बघत.

"भावे, तुझी शाळा मी बंद के..."

तिथं मी अडकले. हात जोडले गेले होते, तोंड उघडं होतं. मी ढकलून बघितलं, खूप ढकललं. एक अक्षर पुढं गेलं नाही.

सत्यशीलाताई उठल्या. "परत सुरू करू का?"

"नको ताई. असूंद्या."

ती पडद्याजवळ सरकली. समोर बाप हात जोडून उभा होता, लेकीला, आणि ते हात आता खाली येणार नव्हते. तिनं पडद्यावरच्या त्या हातांवर आपला तळवा ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "हात खाली घ्या. घ्या ना हो खाली."

पुढं कितीतरी वेळ ती रडत होती, आणि या वेळी मोकळी रडली.

त्यानंतर मी कधीच चालले नाही. दुसऱ्या दिवशी लावलं तर खणानं मला ओळखलंसुद्धा नाही.

नवरात्राच्या आधी भावना मला परत घेऊन आली आणि यंदाचे देव तिनं घासले. देवांना चिंच लावली, मला नुसतं ओलं फडकं, मधून कडेकडं. चांगुणाबाई जवळ बसून होत्या.

"चालली का गं?" त्यांनी विचारलं.

"चालली."

"काय म्हणले?"

"शाळा बंद केली, चुकलं माझं, म्हणले."

'चुकलं माझं' हे तिनं ऐकलं नव्हतं, तरी बरोबर सांगितलं.

"तेवढंच?"

"तेवढंच, आई."

नाही हो, तेवढंच नव्हतं! पण आता मी कुणापुढं बोलू? म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्याकडं माझ्या बहिणी असतील, कपाटात, टीव्हीमागं, जुन्या पेटीत. त्यांना वाचणारा कुणी आहे तोवर त्यांच्या पोटातलं काढून घ्या. आणि जे समोरासमोर बोलायचं आहे, ते आमच्या पोटात ठेवायला देऊ नका. आमची पोटं मोठी झाली म्हणून आम्ही माणसांचं सगळं पोहोचवू, असा भरवसा धरू नका.

आणखी एक काम आहे, ते तेवढं करा. या देवघराच्या बरोबर वर माळा आहे. प्रेम चाकणला नोकरीला असतो, चांगुणाबाईंचे गुडघे धरलेत, सर्जेराव गेल्यापासून तिथं कुणी चढलेलं नाही. कधी कधी वर उंदीर फिरतात आणि कागद कुरतडल्याचा आवाज येतो. मला फार भीती वाटते. केदारखेड्याला गेलात तर चांगुणाबाईंचं घर विचारा आणि त्यांना एवढंच सांगा, की लेकीला बोलावून घ्या. गोठ्यात लाकडी शिडी आहे, ती लावा म्हणावं. बियाण्याच्या कोठीमागं एक पोतं आहे.